सुरी आत असेपर्यंत

मामाला जिवंत ठेवायचं तर त्याने मला सगळ्यांसमोर बडवून काढणं गरजेचं होतं, आणि तेही खरंखुरं. अडचण एवढीच होती की मामाला जिना चढतानासुद्धा मध्ये बसावं लागायचं.

आम्ही दोघं कत्तलखान्यात कामाला. मेंढ्या. बाकी कुठल्याही कारखान्यासारखाच हा कारखाना. फरक इतकाच की इतर ठिकाणी वस्तू जोडत नेतात, आमच्याकडे सुटी करत नेतात. वरच्या रुळावरून मेंढ्या उलट्या टांगलेल्या येतात, कातडं उतरलेल्या, पोट रिकामं केलेल्या. मग येतो पहिल्या सुरीचा माणूस. तो छाती उभी फाडतो. मेंढीच्या पलीकडे आकडेवाला उभा असतो. छाती फाटली की पलीकडून वळसा घालून हात आत सारायचा आणि हृदय नि फुप्फुसांचा झुबका एका हिसक्यात बाहेर ओढून आकड्याला लावायचा, हे त्याचं काम. पण त्याला सुरी दिसत नाही. मध्ये अख्खी मेंढी. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की सुरी आत गेली की पहिल्या सुरीने ‘हेऽऽऽ’ अशी हाक सुरू करायची आणि सुरी बाहेर येईपर्यंत ती तुटू द्यायची नाही. आवाज आहे तोवर सुरी आत. आवाज थांबला की आकडेवाल्याचा हात आत. मुकादमाने मध्यंतरी हाकेऐवजी दिवा लावून पाहिला होता, हिरवा आणि लाल. पहिल्याच पाळीत त्याच्यावर इतकं रक्त उडालं की तो लालच राहिला, आणि आकडेवाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात वर करून उभा राहिला.

पहिली सुरी म्हणजे माझा मामा. त्याच्या शेजारी, पुढचं कापायला, दुसरी सुरी मी. मामाची हाक अशी की कातडी सोलणारे लोक तिच्यावर घड्याळ लावायचे. पण मामा सिगरेट ओढायचा. ओढायचा म्हणजे एकीवर दुसरी पेटवायचा. काडीपेटी त्याला फक्त सकाळी लागायची. हाक आखूड होत गेली. आम्हाला वाटलं, मेंढ्या लहान येतायत.

मग एका सकाळी सुरी छातीत असताना मामाला खोकला आला. हाक तुटली. आकडेवाल्याने नेहमीसारखा हात घातला. बोट मेंढीतच राहिलं. ते शोधण्यात चहाची सुट्टी गेली, आणि त्यावरून काही लोक अजूनही आकडेवाल्याशी नीट बोलत नाहीत.

मामाने स्वतः ते बोट बर्फाच्या डब्यात घालून दवाखान्याकडे धाव घेतली. पुढे मामा बोट घेऊन, मागे आकडेवाला हात घेऊन. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामाची छाती धरली, ओठ निळे पडले आणि तो तिथेच आडवा झाला. डॉक्टरांनी आधी कुणाला घ्यावं? त्यांनी मामाला घेतलं. डबा बाकाखाली सरकला. तो सापडला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं, आणि बोट लावण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणजे एकच बोट मामाच्या फुप्फुसांनी दोनदा खाल्लं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी मामाला नळीत फुंकायला लावलं. मामाने फुंकलं. त्यांनी विचारलं, “सुरू करताय ना?”

“झालं की,” मामा म्हणाला.

मग त्यांनी सांगितलं की हृदयही थकलंय, दाब वाढलाय, आणि फुप्फुसं तर विचारूच नका.

“आधी हृदयाचं सांगा,” मामा म्हणाला. “फुप्फुसांचं नंतर बघू सवडीने.”

“ती दोन वेगळी दुकानं नाहीत,” बाई म्हणाल्या. “फुप्फुसं रक्तात हवा भरतात, हृदय ते रक्त ढकलतं. एक थकलं की दुसऱ्याच्या डोक्यावर त्याचंही ओझं. रोज दम लागेल असं चालायचं. मीठ कमी, चरबी कमी, झोप पुरेशी, दाबाची गोळी वेळेवर. आणि सिगरेट बंद. कमी नाही, बंद. जे हृदयासाठी कराल ते फुप्फुसांच्या कामी येईल. जेवढी गेली तेवढी परत यायची नाहीत, पण उरलेली तरी नीट वापराल.”

“आणि काम?”

“काम करा. फक्त थंडीत नको. या छातीवर गार हवा घेतलीत तर मला परत भेटायला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत तुम्हाला.”

आकडेवाला हाताला पट्टी बांधून परत आला तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. तो मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, “मला हाक हवी.”

म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या सुरीवर शंका घ्यायचा हक्क फक्त आकडेवाल्याला असतो, कारण बोटं त्याची असतात. त्याने शंका घेतली की पहिल्या आणि दुसऱ्या सुरीने मागच्या अंगणात एकमेकांना मारायचं, मुकादम थांबवेपर्यंत. आणि थांबल्या क्षणी, तोंडातलं रक्त न पुसता, दोघांनी एकदम हाक सुरू करायची. ज्याची आधी तुटेल तो हरला. मारामारी कशाला, असं नवा माणूस नेहमी विचारतो. तर ताज्या दमावर कुणीही ओरडेल. पाळी संपता संपता हात लाकडासारखे झालेले असताना ओरडता यायला हवं. माणसाला तेवढा दमवायचा याहून स्वस्त मार्ग मुकादमाला अजून सापडलेला नाही. जिंकणाऱ्याला पहिली सुरी. हरणाऱ्याची रवानगी पुढच्या हाकेपर्यंत कोल्ड स्टोरेजमध्ये, कारण दोन माजी शत्रूंच्या हातात शेजारी शेजारी सुऱ्या ठेवू नयेत एवढी अक्कल आमच्याकडे आहे. आणि लुटुपुटूची मारामारी केली तर दोघांनाही सगळी लाइन मिळून मारते आणि दोघंही कोल्डमध्ये.

तर दुसरी सुरी मी. मी हरलो तर स्वेटर घालीन. मामा हरला तर मरेल.

“मग तू मला तयार कर,” मामा म्हणाला.

“तुला तयार करू? मला मारायला?”

“दुसरं कोण आहे इथे?”

मुकादमाने पावसाळा संपल्यावरचा दिवस दिला. तोवर मामा कातडी सोलण्यावर, हाक माझी.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मामाने आपली योजना मांडली. मामी आमच्याच कत्तलखान्यात आतडी धुते. तिचे दंड बघून पाहुणे आपण होऊन हात धुवायला जातात. मामा तिला समजावत होता, “चालणं करतो. मीठ सोडतो. गोळी घेतो. ही सगळी हृदयाची कामं. सिगरेट हा फुप्फुसांचा विषय आहे. हाक झाली की तो हाती घेऊ.”

मामीने पिशवीतून एक आख्खा झुबका काढला, मेंढीचा, नळीसकट, आणि टेबलावर आपटला.

“धर.”

“काय धरू?”

“हृदय धर आणि उचल. तेवढंच. फुप्फुसं खाली ठेव.”

मामाने हृदय धरून उचललं. फुप्फुसं बरोबर वर आली. बावीस वर्षं रोज हेच बघत आलेला माणूस, पण त्याने ते उलटसुलट फिरवून बघितलं, जणू या एका मेंढीचं काही चुकलंय.

“याला वेगळं करायला सुरी लागते,” तो अखेर म्हणाला.

“मग आणू?” मामीने विचारलं, आणि तोच झुबका काढून घेऊन त्याच्या थोबाडात मारला. एकदा इकडून, एकदा तिकडून. ओल्या फुप्फुसांचा आवाज मोठा येतो, शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “आत्ता कसले कपडे धुताय?”

अशा रीतीने मामाने सिगरेट सोडली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने दुसऱ्या दिवशी त्याला ओळखीवर एक दिली, तेव्हा मामीने टपरीवाल्याचं डोकं गोळ्यांच्या बरणीत घातलं. डोकं आत गेलं, बाहेर येईना. शेवटी बरणी फोडावी लागली. कपाळाला टाके पडल्यापासून तो माणूस गिऱ्हाइकांना विचारतो, “नक्की हवीय का? घरी विचारलंत का?”

पण तल्लफ कुठे ऐकते? त्यावर उपाय मी शोधला आणि अजून पस्तावतोय. मी म्हटलं, “मामा, तल्लफ आली की मला एक ठोसा मार. हात गुंतेल, सरावही होईल.”

आम्ही पहाटे चालायला निघायचो. बस डेपोच्या भिंतीच्या कडेने, बंद दुकानांच्या शटरांपुढून, पुलाचा जिना चढून पलीकडे. पहिल्या दिवशी मामा डेपोच्या फाटकापाशीच भिंत धरून बसला. तेवढ्या अंतरात त्याने मला चहाची तल्लफ, जेवणानंतरची तल्लफ आणि उगाचची तल्लफ अशा तिन्हींचे ठोसे मारले. एकदा एका भल्या माणसाने मध्ये पडून मामाला आवरायला बघितलं. मी नाक धरून म्हटलं, “राहू द्या काका, त्यांच्या तब्येतीचं आहे.” मामाला नेमकी तेव्हाच तल्लफ आली. ते काका हल्ली दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातात.

आठवडे गेले तसं मामाचं अंतर वाढलं आणि ठोसे कमी झाले, पण जे उरले ते जड झाले. आधी तो मारायचा तेव्हा त्यालाच धाप लागायची. आता तो मारून, वळून, पुलाचा जिना चढून वर माझी वाट बघायचा. खोकला गेला. ओठांना रंग आला. बिनमिठाचं जेवताना तो मामीच्या माहेरच्यांची नावं घ्यायचा, पण जेवायचा. पुन्हा नळीत फुंकायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हां, आता सुरू झालेलं कळतं.” माझ्या डोळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “यांना काय झालं?”

“हा माझा व्यायाम,” मामा म्हणाला.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, म्हणूनच मला ते कळायला उशीर झाला. एके सकाळी पुलाचा जिना चढून आम्ही वर पोचलो. मामा धापा टाकत होता. मी नव्हतो.

मीही सिगरेट ओढायचो. मामीने मामाचे खिसे झडती घेऊन रिकामे केले तेव्हा माझेही केले होते, मारासकट. मीही रोज तेवढंच चाललो होतो, तेच अळणी जेवलो होतो, आणि वर ठोसे खाऊन खाऊन माझी छाती दाराच्या फळीसारखी झाली होती. मी मामाला मला हरवण्याइतका तयार करत होतो आणि त्याच पावलांनी स्वतःलाही. माझं वय त्याच्या निम्मं. फुप्फुसं माझी धड होती. असल्या शर्यतीत कोण पुढे जाणार?

मग मी एक पाकीट विकत घेतलं. टपरीवाल्याने माझ्या हातात देण्याआधी रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. मी कत्तलखान्याच्या मागे, कातड्यांच्या ढिगाआड बसलो आणि एक पेटवली. मामासाठी. इतक्या चांगल्या कारणासाठी आजवर कुणी सिगरेट ओढली नसेल, असं मला वाटलं.

आकडेवाला हात धुवायला तिथे आला. माझ्याकडे बघितलं. मग शेजारी येऊन बसला आणि आपला हात माझ्या मांडीवर ठेवला, पंजा पसरून, रिकामी जागा वर.

“ओढ,” तो म्हणाला. “सावकाश ओढ. माझी अजून आहेत बरीच.”

“तसं नाही रे. मामा कोल्डमध्ये गेला तर—”

“माहितीये. माझाही जीव आहे त्याच्यावर. त्याने धावत नेलं होतं माझं बोट.” तो उठला. “पण ज्याची हाक लांब असेल त्याच्यासमोर मी हात घालणार. तू तुझी मुद्दाम आखूड केलीस तर ती कोणाच्या हातावर आखूड होईल, तेवढं बघ.” आणि जाता जाता त्याने धड हाताने माझ्या तोंडात मारली. सिगरेट तोंडातच विझली. जीभ भाजली.

हाकेच्या दिवशी अंगणात सगळी लाइन जमली. गटाराच्या जाळीवर आम्ही दोघं, गमबूट काढून, उघडे. मामी आतडी धुण्याच्या नळापाशी, बाह्या वर करून. मुकादमाने धार लावायची पोलादी कांब खांबावर वाजवली.

मामाचा पहिला ठोसा माझ्या तोंडावर बसला आणि एक दात जिभेवर आला. मी तो थुंकून टाकला. तो जाळीतून खाली गेला. मी मामाच्या बरगडीत गुडघा घातला. तो वाकला, तसाच वर आला आणि डोक्याने माझं नाक फोडलं. इतके महिने मी त्याच्या ठोशांखाली जगलो होतो. तो कुठून येणार ते मला कळायचं, आणि मी कुठे वाकणार ते त्यालाही. त्यामुळे आम्ही एकमेकांना फार अचूक मारत होतो. माझं कोपर त्याच्या भुवईत गेलं आणि भुवई फाटून डोळ्यावर लोंबली. त्याने माझा कान धरून मला खांबावर नेलं. खांब हलला. मी त्याच्या पोटात मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा. काही मोडल्याचा आवाज आला. माझं बोट होतं.

“मामा, पड ना,” मी त्याच्या खांद्यात तोंड घालून म्हटलं.

“तू पड की, गाढवा,” मामा म्हणाला आणि मला जाळीवर आपटलं. पण पडण्याने काही ठरत नाही. मी उठलो. त्याने परत आपटलं. मी त्याचा पाय ओढला, तो माझ्यावर पडला, आणि आम्ही खाली रक्त-पाण्यात एकमेकांचे गळे धरून लोळलो. मामी ओरडत होती, पण कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. “मार त्याला! अरे त्याचा डोळा बघ! मार!”

कांब वाजली.

आम्ही एकमेकांना धरूनच उभे राहिलो. दुसरं काही धरायला नव्हतं.

“हेऽऽऽ,” मामा.

“हेऽऽऽ,” मी.

तोंड एवढं जवळ होतं की त्याचा आवाज माझ्या दातांत घुमत होता, जिथे दात होते तिथे. मला वाटलं होतं, तो लगेच तुटेल. तो तुटला नाही. त्याची हाक सरळ निघाली आणि चालत राहिली. लाइनमधले लोक कुजबुजायला लागले. जुन्या दिवसांत त्याची हाक जिथे संपायची, ती जागा मागे पडली. मामा अजून चालत होता. फाटक्या भुवईखालून त्याचा डोळा माझ्याकडे बघत होता आणि त्यात चक्क गंमत होती.

मग त्याच्या गळ्यात काहीतरी खरवडायला लागलं. मान फुगली. चेहरा जांभळा झाला. माझ्या छातीत अजून शिल्लक होतं. खूप नाही, पण होतं, आणि मला ते आतून दिसत होतं, डब्यातल्या उरल्यासारखं. तोंड मिटायचं, बस. नाक फुटलेला माणूस हाक तोडू शकतो, कोणी संशय घेतला नसता. मामा वाचला असता.

मामाच्या खांद्यावरून मला आकडेवाला दिसत होता. तो आमच्याकडे बघतच नव्हता. त्याने डोळे मिटले होते आणि हात पुढे धरला होता, मेंढीत घालतात तसा. तो फक्त ऐकत होता.

मी तोंड मिटलं नाही.

मामाची हाक तुटली. आकडेवाल्याचा हात होता तिथेच राहिला. माझी चालू होती. मी ती संपेपर्यंत चालू ठेवली, मग गुडघ्यांवर बसून ओकलो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामी आली, तिच्या हातात माझाच गमबूट होता आणि तिने तो माझ्या डोक्यात घातला. “मामाला मारतोस? खाल्ल्या मिठाला—” ती मध्येच थांबली, कारण मीठ तिनेच बंद केलं होतं, आणि मग बिनशब्दांनी मारत राहिली. मामाने तिचा हात धरला.

“सोड गं. खरा जिंकलाय.”

“तू मरशील आत!”

“बघू,” मामा म्हणाला आणि रक्त पुसत हसला. “मरायला दम तर हवा.”

मामी त्याच पावली डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिला आधी बसवलं, मग मामाला फुंकायला लावलं, दोनदा. त्या म्हणाल्या की थंडीत नको म्हटलं होतं ते तेव्हाच्या छातीसाठी. आता नाकातोंडावर जाड मफलर, अंगात कापसाचं जाकीट, मध्ये मध्ये बाहेर येऊन ऊब घ्यायची, चालणं चालूच ठेवायचं, आणि धाप लागली की कोणाच्या बापाचं न ऐकता बाहेर.

मामा कोल्डमध्ये गेला. ते जाड दार मागे बंद झालं की आतलं काही ऐकू येत नाही. मी हाक द्यायचो, आकडेवाला हात घालायचा, झुबका निघायचा, आणि प्रत्येक मेंढीमागे मी त्या दाराकडे बघायचो. पहिल्या दिवशी चहाला दार उघडलं आणि वाफेत मामा बाहेर आला, मफलरवर बर्फाचे कण.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“आत छान मोकळी जागा आहे फिरायला. मेंढ्या बाजूला ढकलत जायचं.” आणि त्याने मला एक ठेवून दिली. “ही तल्लफेची नाही. ही मनापासून.”

मी मागच्या मागे चहाच्या टेबलावर पडलो. फार बरं वाटलं.

महिना झाला असेल. भर पाळीत मी छाती फाडली, हाक दिली, सुरी बाहेर काढली, तोंड मिटलं. झुबका निघाला नाही. मेंढीपलीकडे आकडेवाला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता.

“घाल की हात.”

“आवाज चालू आहे.”

“माझा थांबला!”

“कुणाचा तरी चालू आहे,” तो म्हणाला. “मी हात घालणार नाही.”

मी कान दिला. खरंच होता. बारीक, लांब, न तुटणारा ‘हेऽऽऽ’. कोल्डच्या त्या जाड दाराआडून, भिंतीतून येत होता. मागच्या मेंढ्या पुढच्यांवर येऊन आदळायला लागल्या. कातडी सोलणारे सुऱ्या खाली ठेवून उभे राहिले.

मुकादम धावत आला. “काय करतोय तो आत?”

“पुढच्या हाकेची तयारी,” मामी आतडी पिळत म्हणाली. “रोज करतो. आज दाराचं रबर निघालंय.”

“गप्प करतो त्याला,” म्हणत मुकादम बाह्या सरसावून दार उघडून आत गेला. आतून धप्प असा आवाज आला, मग आणखी एक, आणि मुकादम पाठीवर घसरत बाहेर आला, भिंतीला टेकून थांबला आणि आपला जबडा दोन्ही हातांनी जागेवर बसवायला लागला.

आकडेवाल्याने कान टवकारले, मान हलवली आणि हात पाठीमागेच ठेवले. हाक मध्ये कुठेही तुटली नव्हती.